कुराणातले ख्रिस्ती: जालन्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर वारकरी. पण आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले, म्हणजे उर्दूतून. त्यामुळे आमच्या फडताळात हरिपाठाला टेकून उर्दू कोश उभा असायचा. घराच्या एका अंगाला मिशनचं आवार, दुसऱ्या अंगाला मोहल्ला. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी कुराण आणि बायबल शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागलो. ही गोष्ट गावात फुटली आणि लग्नाच्या पंगतीत, एसटीत, चहाच्या टपरीवर लोक ठरावीक प्रश्न विचारायला लागले. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. मी आलिम (इस्लामी धर्मपंडित) नाही, पाद्रीही नाही. फतवा मागू नये. कंसातला पहिला आकडा सूरहचा, म्हणजे कुराणातल्या अध्यायाचा, दुसरा आयतीचा, म्हणजे त्यातल्या वाक्याचा.

कुराण ख्रिस्ती लोकांना काय म्हणतं?

‘नसारा’. उर्दूत आपण ‘ईसाई’ किंवा ‘मसीही’ म्हणतो, ते शब्द कुराणात या लोकांसाठी येत नाहीत. नसारा हे नाव नाझरेथ गावावरून आलं असावं, असं काही जण मानतात. काही जण ते ‘अन्सार’शी, म्हणजे मदतनीस या शब्दाशी जोडतात, कारण ईसा, म्हणजे येशू, आपल्या शिष्यांना ‘देवाच्या कामात माझे मदतनीस कोण?’ असं विचारतात (६१:१४). ज्यू आणि ख्रिस्ती या दोघांना मिळून ‘अहले किताब’, ग्रंथवाले. एके ठिकाणी ‘इंजीलवाले’, म्हणजे ईसांना दिलेल्या ग्रंथाचे लोक, असंही येतं (५:४७).

हे शब्द सुटे ओळखायला शिका. निम्मे घोळ इथेच होतात. मदिनेतल्या ज्यूंना उद्देशून आलेलं वाक्य आमच्याकडे लोक सरसकट मिशनच्या माणसांना चिकटवतात.

येशू आणि ईसा एकच का?

व्यक्ती एकच, अर्थ वेगळा. कुराणात ईसांचं नाव २५ वेळा येतं, बहुतेकदा ‘मरियमचा मुलगा’ असं. बाप नाही म्हणून आईचं नाव. त्यांना ‘मसीह’ म्हटलंय, ‘देवाचा शब्द’ म्हटलंय, ‘त्याच्याकडून आलेला आत्मा’ही म्हटलंय (४:१७१). ते आंधळ्याला दृष्टी देतात, मेलेल्याला उठवतात, मातीचा पक्षी करून त्यात फुंकर घालतात आणि तो उडतो (३:४९). पण प्रत्येक चमत्काराला ‘देवाच्या परवानगीनं’ अशी पुस्ती जोडलेली असते.

मातीच्या पक्ष्याची गोष्ट बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही. ती येशूच्या बालपणीच्या एका जुन्या, चर्चनं बायबलमध्ये न घेतलेल्या ग्रंथात आहे. म्हणजे त्या काळी अरबस्तानात ख्रिस्ती माणसं ज्या गोष्टी एकमेकांना सांगत होती, त्या सगळ्या आजच्या बायबलात सापडतीलच असं नाही. मिशनमधल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘आमच्या आजीच्या तोंडी पण असल्या कितीतरी होत्या, पुस्तकात शोधायला गेलं की सापडत नाहीत.’

मरियमला एवढा मान का?

या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकतो.

कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री एकच, ती मरियम. ३४ वेळा. पैगंबरांच्या आईचं नाव कुराणात नाही, पत्नींचं नाही, मुलींचं नाही. एकोणिसावी सूरहच मरियमच्या नावाची. तिसऱ्या सूरहमध्ये तिच्या जन्माआधीची कथा येते. तिची आई पोटातलं मूल देवाला वाहते, मुलगी होते तेव्हा क्षणभर चपापते, मग तिचं नाव ठेवते. मरियम देवघराच्या कोपऱ्यात वाढते. तिचा सांभाळ करणारे जकरिया तिला बघायला जातात तेव्हा दर वेळी तिच्यापुढे अन्न मांडलेलं असतं. ‘हे कुठून आलं गं?’ ‘देवाकडून’ (३:३७). या आयतीत देवघराच्या कोपऱ्यासाठी ‘मिहराब’ हा शब्द आहे, म्हणून तुर्कस्तानातल्या कितीतरी मशिदींत मिहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, कमानीवर हीच आयत कोरलेली असते. नमाज पढणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर मरियमची गोष्ट.

आणि मग बाळंतपण. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, देवदूत आहेत, मेंढपाळ आहेत. कुराणात मरियम एकटी आहे. कळा सुरू झाल्या, ती खजुराच्या बुंध्याला टेकली आणि म्हणाली, ‘याआधीच मेले असते, कुणाच्या आठवणीतसुद्धा उरले नसते तर बरं झालं असतं’ (१९:२३). खालून आवाज येतो: दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, बुंधा हलव, ताजी खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. आमच्याकडे बाळंतिणीला खारीक-खोबरं देतात. ही आयत मी एकदा ओसरीवर वाचून दाखवली तेव्हा आमच्या मावशी एवढंच म्हणाल्या, ‘बरोबर आहे, तिला कोण करणार होतं?’ इतकं नेमकं भाष्य मला कुठल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या भाष्यग्रंथात, मिळालं नाही.

हा मान ख्रिस्ती भक्तीचाच पडसाद आहे, की ख्रिस्ती भक्तीला दिलेलं उत्तर? मला वाटतं दोन्ही. मरियमची थोरवी कुराण पूर्ण मान्य करतं, जगातल्या स्त्रियांत तिला निवडलं असं म्हणतं (३:४२), आणि त्याच वेळी तिला माणूसच ठेवतं. ‘दोघंही जेवण जेवत होते’ (५:७५). आई आणि मुलगा, दोघांना भूक लागायची. एवढं साधं विधान, पण सगळा वाद त्यात आहे.

‘तीन म्हणू नका’ म्हणजे त्रैक्यावर टीका आहे ना?

टीका आहे, पण नेमकी कशावर ते बघावं लागतं. ‘तीन म्हणू नका’ (४:१७१) आणि ‘देव तिघांतला तिसरा आहे असं म्हणणारे’ (५:७३), ही दोन वाक्यं अनेक देव मानण्यावर आहेत. चर्चमध्ये बसलेला कुठलाही ख्रिस्ती म्हणेल, ‘आम्हीही तीन देव मानत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव.’ इथवर तुम्ही म्हणाल, मग भांडण मिटलं. नाही मिटलं. कारण ‘मरियमचा मुलगा मसीह हाच देव’ असं म्हणणाऱ्यांनाही कुराण चुकीचं ठरवतं (५:७२), आणि हे मात्र चर्चच्या शिकवणीच्या अगदी जवळ जातं. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे चर्चनं ४५१ साली काल्सेडनच्या परिषदेत ठरवलं. तिथे मतभेद खरा आहे. सर्वधर्म एकच म्हणत तो पुसून टाकणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. दोन्ही बाजूंच्या लोकांनी या प्रश्नासाठी शतकानुशतकं डोकं लावलं, ते काही रिकामटेकडे नव्हते.

सगळ्यात चमत्कारिक आयत ५:११६. कयामतच्या दिवशी देव ईसांना विचारेल, ‘मला आणि माझ्या आईला देवाखेरीज दोन देव माना, असं तू लोकांना सांगितलंस का?’ ख्रिस्ती त्रैक्यात मरियम नाही. मग ही आई कुठून आली? चौथ्या शतकातल्या एपिफेनियस या बिशपनं एक तक्रार लिहून ठेवली आहे. काही स्त्रिया मरियमच्या नावानं भाकरीचा नैवेद्य दाखवतात, आणि ही रीत अरबस्तानापर्यंत पोचली आहे, अशी. हा पंथ कुराणाच्या काळापर्यंत टिकला होता याला पुरावा नाही, त्यामुळे सगळं त्याच्यावर ढकलणं मला पटत नाही. दुसरं स्पष्टीकरण मला जास्त रुचतं. ४३१ साली इफिससच्या परिषदेत मरियमला ‘देवमाता’ म्हणायचं ठरलं आणि त्यावरून पूर्वेकडची चर्चं फुटली. बाहेरून बघणाऱ्याला ‘देवमाता’ हा शब्द कसा ऐकू येईल? इथे कुराण धर्मशास्त्राच्या व्याख्येपेक्षा लोकांची भक्ती कुठवर जाते, तिच्याकडे बघतंय. आणि हे वाक्य आरोपाच्या रूपात नाही, प्रश्नाच्या रूपात आहे, तोही ईसांना विचारलेला, हेही विसरू नका.

देवाला मुलगा असणं कुराणाला का खटकतं?

‘त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही’ (११२:३). अरबीत ‘वलद’ म्हणजे जन्माला घातलेलं मूल. दुसऱ्या एका आयतीत थेट विचारलंय, त्याला जोडीदारीण नाही, मग मूल कसं (६:१०१)? म्हणजे नजरेसमोर शारीरिक जन्म आहे. चर्चही तसा अर्थ नाकारतं. ३२५ सालच्या निकियाच्या श्रद्धावाक्यात पुत्र ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’ असं आहे, पण तो जन्म काळाच्या आणि शरीराच्या पलीकडचा.

मराठी कानाला इथे एक अडचण येते. आपण सगळेच ‘देवाची लेकरं’ म्हणतो, वारकरीही म्हणतात, चर्चमधल्या गाण्यातही ते असतं. कुराणाला हे लाडाचं बोलणंसुद्धा जपून वापरायला हवं असं वाटतं. ‘आम्ही देवाची मुलं, त्याचे लाडके’ असं ज्यू आणि नसारा म्हणतात, तर विचार, ‘मग तो तुम्हाला तुमच्या पापांची शिक्षा का देतो?’ (५:१८). माझ्या मते या आयतीचा रोख लाडावर कमी आणि लाडका असल्याच्या मिजाशीवर जास्त आहे.

वधस्तंभाचं काय?

‘त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावर दिलं नाही, पण त्यांना तसं भासलं’ (४:१५७). वाक्य ‘आम्ही मसीहला मारलं’ अशी फुशारकी मारणाऱ्यांना उद्देशून आहे, ख्रिस्ती लोकांना नाही. ‘भासलं’ म्हणजे काय, यावर तबरीसारख्या जुन्या भाष्यकारांनी अनेक कथा नोंदवल्या. त्यातली लोकप्रिय म्हणजे दुसऱ्याच कुणाला ईसांचं रूप मिळालं ही. दुसरे भाष्यकार फखरुद्दीन राझी यांनी या कथेवरच शंका उभ्या केल्या: माणसांची रूपं अशी बदलायला लागली तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावर विश्वास ठेवायचा? गुड फ्रायडेच्या दिवशी हा विषय मिशनच्या आवारात काढू नये, एवढं मी अनुभवानं शिकलो.

पाद्री आणि मठवासी यांच्याविषयी कुराण चांगलं बोलतं की वाईट?

दोन्ही. आणि माझ्या दृष्टीनं कुराणानं ख्रिस्ती धर्माचं केलेलं सगळ्यात खोल निरीक्षण इथे आहे.

आधी चांगलं. श्रद्धावंतांच्या प्रेमाला सगळ्यात जवळचे ते, जे म्हणतात आम्ही नसारा, ‘कारण त्यांच्यात पुरोहित आणि मठवासी आहेत आणि ते गर्व करत नाहीत’ (५:८२). पुढच्याच आयतीत, सत्य ओळखल्यामुळे त्यांचे डोळे पाण्यानं भरून येतात. (याच ८२ व्या आयतीचा पहिला भाग ज्यू आणि मूर्तिपूजकांबद्दल कठोर आहे. व्याख्यानांत तो गाळून वाचतात. मी गाळत नाही.) ग्रंथवाले सगळे सारखे नाहीत, त्यांच्यातला एक समूह रात्री उभा राहून आयती म्हणतो आणि माथा टेकतो, असंही येतं (३:११३).

आता वाईट. आपल्या धर्मपंडितांना आणि मठवासीयांना त्यांनी देवाखेरीज मालक करून टाकलं (९:३१), आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण लोकांचा पैसा खातात (९:३४). पहिल्या वाक्याबद्दल परंपरेत एक सुंदर संवाद आहे. अदी बिन हातिम आधी ख्रिस्ती होते. ते पैगंबरांना म्हणाले, ‘पण आम्ही त्यांची पूजा करत नव्हतो.’ उत्तर आलं: त्यांनी हराम म्हटलं ते तुम्ही हराम मानलंत, हलाल म्हटलं ते हलाल मानलंत, हीच त्यांची पूजा. हे ऐकून आमच्या कट्ट्यावरचा एक मुस्लिम मित्र म्हणाला, ‘मग ही आयत आपल्याकडच्या काहींनाही लागू होते.’ सगळे हसले, आणि मग कोणीच बोलेना.

आणि मधली आयत, ५७:२७. ईसांच्या अनुयायांच्या हृदयात देवानं करुणा आणि दया घातली. ‘आणि संन्यास, तो त्यांनी स्वतः काढला, आम्ही त्यांच्यावर लादला नव्हता, फक्त देवाची मर्जी मिळवण्यासाठी, मग तो जसा पाळायला हवा तसा त्यांनी पाळला नाही.’ अरबी वाक्याची रचना अशी आहे की दोन अर्थ निघतात. एक: देवानं संन्यास सांगितलाच नव्हता, त्यांनीच त्याच्या मर्जीसाठी तो काढला. दुसरा: देवानं फक्त आपली मर्जी मिळवायला सांगितलं होतं, त्यातून त्यांनी संन्यास काढला. दोन्ही अर्थांत हेतू चांगलाच राहतो. दोष निभावण्यात आहे.

इस्लामच्या आधीच्या अरबी कवितेत मठवासी माणूस दिव्यानं ओळखला जातो. इम्रुल कैसनं प्रेयसीच्या चेहऱ्याला मठवाशाच्या रात्रीच्या दिव्याची उपमा दिली आहे. वाळवंटात वाट चुकलेल्याला तो लांबून दिसायचा. आपल्याला मठ म्हणजे काय हे परकं नाही. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत. त्यातल्या विहाराच्या एखाद्या खोलीत, दगडी ओट्यावर, पाच मिनिटं बसून बघा. त्या माणसाची कुणाला चीड येईल असं वाटत नाही. चीड येते ती दानपेटीजवळ बसलेल्याची, आणि कुराणही दोघांत असाच फरक करतं.

‘जवळचे’ म्हणायचं आणि ‘मित्र करू नका’ही म्हणायचं, हे कसं?

ज्या आयतीचं भाषांतर ‘ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना मित्र करू नका’ (५:५१) असं होतं, तिथला मूळ शब्द ‘औलिया’ आहे. खुलताबादच्या दर्ग्यांमुळे मराठवाड्यातल्या माणसाला तो पाठ आहे. ‘वली’चं अनेकवचन. दर्ग्यातल्या औलियाला आपण दोस्त म्हणत नाही, पाठीराखा म्हणतो. आयतीत ज्याचा विचार आहे तो असा पाठीराखा, राजकीय आश्रय देणारा, युद्धकाळात ज्याच्या बाजूनं उभं राहायचं तो. आयत मदिनेतल्या अशा काळाशी जोडली जाते, जेव्हा रोज कोण कोणाच्या बाजूला हा प्रश्न होता. त्याच सूरहमध्ये ग्रंथवाल्यांचं अन्न चालतं आणि त्यांच्या स्त्रियांशी लग्न चालतं असं सांगितलंय (५:५). बायकोशी मैत्री करू नका असा अर्थ कोणी काढणार नाही. जे तुमच्याशी लढले नाहीत, त्यांच्याशी चांगलं वागायला देव मना करत नाही, हेही आहे (६०:८).

चर्चला काही संरक्षण?

२२:४०. देवानं काही लोकांना दुसऱ्या काही लोकांकरवी रोखलं नसतं तर मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि मशिदी, जिथे देवाचं नाव पुष्कळ घेतलं जातं, ती उद्ध्वस्त झाली असती. यादीत मशिदीचं नाव शेवटी आहे.

बायबल बदललं, असं कुराण म्हणतं का?

शब्द जागचे हलवणं, जिभा वळवून वाचणं, असे आरोप आहेत, पण बहुतेक ज्यूंच्या संदर्भात. मुस्लिम विद्वानांत दोन मतं आहेत. काहींच्या मते मूळ मजकूर बदलला, काहींच्या मते मजकूर तोच, अर्थ बदलला. कुराण ‘इंजील’ हा एकच, ईसांना दिलेला ग्रंथ म्हणतं, तर चर्चकडे चौघांनी लिहिलेली चार शुभवर्तमानं आहेत. ‘इंजीलवाल्यांनी, देवानं तिच्यात जे उतरवलंय त्यानुसार निवाडा करावा’ (५:४७) हे वाक्य दोन्ही मतांना सोयीचं पडत नाही, म्हणून मला आवडतं.

ख्रिस्ती माणसाला स्वर्ग मिळेल का?

२:६२ आणि ३:८५ एकापाठोपाठ वाचा. पहिल्यात देवावर आणि शेवटच्या दिवसावर श्रद्धा ठेवून सत्कर्म करणाऱ्या नसारांना भय नाही. दुसऱ्यात इस्लामखेरीज दुसरा धर्म स्वीकारला जाणार नाही. भाष्यकारांचं एकमत नाही. माझं मत कोणी विचारत नाही, विचारू नये.

कुराणातलं हे चित्र ख्रिस्ती माणसाला आपलं वाटतं का?

काही पटतं, काही नाही. बेथेलला (जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव) एका बाईंना मी मरियमची आयत मराठीत सांगितली. त्या डोळे पुसत म्हणाल्या, ‘आमच्या पुस्तकात हे का नाही?’ पण ‘तिघांतला तिसरा’वर त्याच बाई ठाम होत्या: ‘आमचं असं नाहीच मुळी.’

पैठणच्या एकनाथांचं हिंदू-तुर्क संवादाचं भारूड आठवतं. तुर्क हिंदूच्या देवांच्या कथा बाहेरून जशा दिसतात तशा तोंडावर फेकतो, हिंदू त्याची परतफेड करतो. दोघंही एकमेकांचं बोलणं नीट ऐकून घेतात, म्हणूनच ते इतकं टोचतं. बाहेरच्यानं काढलेलं चित्र असंच असतं, काही रेषा वाकड्या, आणि एखादी इतकी अचूक की घरच्यानंही पाहिलेली नसते.

नजाशीची गोष्ट कुराणात आहे का?

नाही, ती पैगंबरांच्या चरित्रात आहे. मक्केतला छळ सोसवेना म्हणून काही मुस्लिम साधारण ६१५ साली हबशांच्या देशात, इथिओपियात गेले. तिथल्या ख्रिस्ती राजापुढे, नजाशीपुढे, जाफर बिन अबी तालिब यांनी मरियम सूरह म्हणून दाखवली. राजा दाढी भिजेपर्यंत रडला, असं सांगतात. डोळे भरून येण्याची ती आयत (५:८३) कित्येक भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात.

कुठलं भाषांतर वाचावं?

मराठीत भाषांतरं मिळतात, उर्दूत तर भरपूर. मौलाना मौदुदी १९०३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मले, आणि त्यांची उर्दू तफसीर आमच्याकडच्या अनेक घरांत असते. भाषा सुरेख, मतं ठाम. १९४१ साली जमाते इस्लामी ही धार्मिक-राजकीय संघटना स्थापन करणारा माणूस ग्रंथ कसा वाचेल हे ध्यानात ठेवून वाचा, आणि शेजारी एखादं जुनं भाष्यही ठेवा.

मरियमला ‘हारूनची बहीण’ का म्हटलंय? हारून तर मुसांचे (बायबलातल्या मोशेचे) भाऊ, कितीतरी शतकं आधीचे.

हा प्रश्न नववीतल्या एका पोरानं विचारला आणि मी उडालो, कारण हाच प्रश्न अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिस्ती लोकांनी पैगंबरांचे सहकारी मुगीरा यांना विचारला होता (आयत १९:२८). मुगीरांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी परत येऊन पैगंबरांना विचारलं. उत्तर मिळालं: ते लोक आपल्या मुलांना आधीच्या पैगंबरांची आणि सत्पुरुषांची नावं ठेवत असत.

पोराचं समाधान झालं नाही. मग मी त्याला आमच्या गल्लीचं सांगितलं. मिशनच्या बाजूला याकोब, मोहल्ल्याच्या बाजूला याकूब, दोघं एकाच वर्गात. दिवेलागणीला दोघांच्या आया दारातून हाक मारायच्या, आणि कोणाची आई बोलावतेय ते मधलं अक्षर नीट ऐकल्याशिवाय कळायचं नाही. बऱ्याचदा दोघंही पळत सुटायचे.